केनियात पक्ष्यांचे फोटो काढायला जाताय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

केनियाला मी तीनदा जाऊन आले आणि तिन्ही वेळा फक्त पक्ष्यांसाठी. परत आल्यावर फोटो बघून लोक जे विचारतात, ते बहुतेक तेच ते असतं. म्हणून उत्तरं एकदा सविस्तर लिहून ठेवली आहेत.

केनियाच का? आपल्याकडे पक्षी कमी आहेत का?

अजिबात नाहीत. भारतात १३०० हून जास्त जातींचे पक्षी आहेत आणि ताम्हिणी, भिगवण, नान्नज हे सगळं मनापासून बघायला एक जन्म पुरणार नाही. पण केनिया आकाराने महाराष्ट्राच्या दुपटीहून थोडा लहान, आणि तेवढ्यात जवळपास ११०० जाती. विषुववृत्त देशाच्या मधून जातं, रिफ्ट व्हॅली या खोल खचदरीमुळे काही तासांच्या प्रवासात उंची हजार मीटरने खाली-वर होते, आणि दर उताराला पक्षी बदलतात. फोटोच्या दृष्टीने त्याहून मोठी गोष्ट म्हणजे मोकळी जागा. गवताळ मैदानावर पक्षी डोळ्यांसमोर असतो आणि गाडीला तो फारसा घाबरत नाही. आपल्याकडे नीलपंखाच्या जवळ जाता जाता तो तीन खांब पुढे उडतो. तिकडचा त्याचा भाऊबंद, लिलॅक-ब्रेस्टेड रोलर, गाडीपासून आठ-दहा मीटरवर निवांत बसून राहतो.

आणखी एक कारण आहे, ते माझ्यापुरतं सगळ्यात मोठं. तिकडचे कितीतरी पक्षी आपले पाहुणे आहेत. पावसाच्या तोंडावर चातक आफ्रिकेतून आपल्याकडे येतो. अमूर ससाणा नागालँडमधून निघून आपल्या डोक्यावरून जातो (लोणावळ्याच्या आसपास नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये तो दिसतो), तिथून अरबी समुद्र ओलांडून सोमालिया, केनिया करत दक्षिण आफ्रिकेपर्यंत पोचतो. केनियातल्या त्साव्हो राष्ट्रीय उद्यानाच्या आकाशात अमूर ससाण्यांचा थवा पाहिला तेव्हा ओळखीचं माणूस परदेशात भेटावं तसं झालं.

कोणत्या महिन्यात जावं?

नोव्हेंबर ते मार्चची सुरुवात. युरोप-आशियातून आलेले स्थलांतरित पक्षी तेव्हा असतात आणि मध्ये जानेवारी-फेब्रुवारी कोरडे असतात. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये छोटा पाऊस असतो. तो बहुधा दुपारनंतर पडतो आणि दुसऱ्या दिवशीची सकाळ धुतल्यासारखी लख्ख असते.

जुलै ते ऑक्टोबर हा विल्डबीस्टच्या स्थलांतराचा हंगाम. तेव्हा मसाई मारा गाड्यांनी भरलेलं असतं, दर चढलेले असतात आणि चालकाचं सगळं लक्ष नदी ओलांडणाऱ्या कळपांकडे असतं. फक्त पक्ष्यांसाठी जाणाऱ्याने हा काळ टाळलेला बरा.

मुलांच्या सुट्टीमुळे मे महिनाच जमतो. जावं का?

तो मोठ्या पावसाचा शेवट असतो. रस्ते चिखलाचे, गाडी रुतणार हे धरून चला. पण हाच विणीचा काळ. सुगरणींची घरटी बांधण्याची धांदल चालू असते, त्यांच्याच कुळातल्या बिशप आणि विडोबर्डचे नर ऐन पिसाऱ्यात असतात. जॅक्सन्स विडोबर्डचा काळा नर उंच गवतातून चेंडूसारखा वर-खाली उसळतो, तो नाच पावसाशिवाय बघायला मिळत नाही. हातात दोन दिवस जादा असतील तर जरूर जा.

कुठे कुठे जावं? दहा दिवस आहेत.

दहा दिवसांत तीन ठिकाणं. लोक पाच-सहा ठिकाणांची यादी घेऊन येतात आणि निम्मी सहल रस्त्यात घालवतात. फोटो सकाळी सहा ते साडेनऊ आणि संध्याकाळी साडेचार ते साडेसहा एवढ्याच वेळात होतात, आणि मुक्काम हलवला की त्यातली एक वेळ बुडते. म्हणून ठिकाणं मोजण्यापेक्षा किती सकाळी हाती लागतात ते मोजा.

माझी मांडणी अशी: पहिला दिवस नैरोबी. शहराला लागूनच नैरोबी नॅशनल पार्क आहे, ११७ चौरस किलोमीटरचं, १९४६ साली स्थापन झालेलं. शहामृग, सेक्रेटरी बर्ड, मुकुटधारी क्रौंच तिथेच भेटतात. पुढे नैवाशा दोन रात्री, बारिंगो दोन रात्री आणि मसाई माराला निदान चार. उरलेला वेळ प्रवासाचा.

नैवाशा नैरोबीपासून साधारण ९० किलोमीटरवर. गोड्या पाण्याचं तळं, आणि फोटो होडीतून काढायचे. गेल्या पंधरा-एक वर्षांत पाणी चढत गेलंय, काठावरची पिवळ्या खोडाची बाभूळझाडं बुडून वाळली आहेत. स्थानिकांची घरं-शेतं त्यात गेली, हे दुःखच. पण त्या वठलेल्या फांद्यांवर आता पाणकावळे, मत्स्य गरुड आणि खंड्यांची रांग असते, आणि होडीतून कॅमेरा थेट पक्ष्याच्या डोळ्याच्या पातळीला येतो. लव्हाळ्यात मॅलेकाइट किंगफिशर शोधा. आपल्या छोट्या खंड्याहूनही लहान, चोच लाल, डोक्यावर निळ्या-काळ्या पट्ट्यांचा तुरा. नावाड्याला इंजिन बंद करून वल्ह्याने सरकायला सांगा. पाणघोडे आहेत, त्यामुळे अंतराच्या बाबतीत नावाड्याचा शब्द शेवटचा.

बारिंगो खाली आहे, हजार मीटरच्या आत-बाहेर, आणि तापतं. काळे कडे, काटेरी झुडपं. इथलं वैशिष्ट्य म्हणजे स्थानिक मुलं. लहानपणापासून पक्षी ओळखत मोठी झालेली ही मुलं दिवसा झोपलेलं घुबड, जमिनीशी एकरूप झालेला रातवा किंवा धाविक अचूक दाखवतात. डोंगराच्या कड्यावर व्हेरोज ईगल आणि हेम्प्रिचचा धनेश असतो.

सांबुरू राहिलं की!

ते अभयारण्य दुसऱ्या सहलीला ठेवा. व्हल्चरिन गिनीफाउलची ती निळी छाती आणि निळसर मानेचा सोमाली शहामृग यांच्यासाठी तिथे जायलाच हवं, पण ते उत्तरेला, नैरोबीपासून तीनशेहून जास्त किलोमीटरवर आहे.

नाकुरू तळ्यावरचे लाखो रोहित (फ्लेमिंगो) दिसतील ना?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि इथेच सगळ्यात जास्त निराशा होते. ती गुलाबी छायाचित्रं खरी होती. पण २०१० नंतर नाकुरूचं पाणी वाढलं, क्षार पातळ झाले, ज्या सूक्ष्म निळ्या-हिरव्या शेवाळावर छोटा रोहित जगतो ते कमी झालं आणि पक्षी बोगोरिया तळ्याकडे सरकले. कुठल्या वर्षी कुठे किती असतील ते पाण्यावर ठरतं. निघण्याआधी स्थानिक गाइडला विचारा आणि त्याप्रमाणे बोगोरिया धरा; बारिंगोहून ते जवळ आहे. पूर्व आफ्रिकेतले छोटे रोहित अंडी घालतात ते मुख्यतः टांझानियातल्या नेट्रॉन तळ्यात, केनियात येतात ते खायला. आपल्या ठाणे खाडीत, नवी मुंबईच्या पाणथळीत दिसतात त्यांचेच हे भाऊबंद. ती पाणथळ वाचवायला आपल्याकडे लोक का भांडतात, ते बोगोरियाच्या काठावर उभं राहिलं की पटतं.

व्हिसा लागतो का?

जानेवारी २०२४ पासून व्हिसा नाही, ऑनलाइन प्रवासपरवाना लागतो, त्याला ईटीए म्हणतात. सरकारी संकेतस्थळावरच अर्ज करा, नकली संकेतस्थळं बरीच आहेत. मूळ शुल्क ३० डॉलरच्या आसपास. राहण्याचं आरक्षण आणि परतीचं तिकीट जोडावं लागतं.

पिवळ्या तापाची लस खरंच लागते?

लागते, आणि यात हलगर्जी नको. केनिया पिवळ्या तापाच्या देशांत मोडतो, त्यामुळे भारतात परत येताना आपलंच सरकार प्रमाणपत्र मागतं. नसेल तर सहा दिवस विलगीकरणात ठेवू शकतात. लस निघण्याच्या निदान दहा दिवस आधी घ्यायची, एकदा घेतली की आयुष्यभर चालते. सरकारमान्य ठरावीक केंद्रांतच मिळते आणि तिथे आधी नंबर लावावा लागतो, म्हणून तिकीट काढलं की लगेच हे काम हाती घ्या. साठीच्या पुढच्यांनी, अंड्याची तीव्र अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनी किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांशी बोलायचं. मलेरियाच्या गोळ्यांचंही त्याच भेटीत विचारून घ्या.

ग्रुप टूर घ्यावी की स्वतंत्र गाडी?

पहिल्या वेळी मी ग्रुप टूर घेतली होती. कंपनीचं नाव लिहीत नाही. एका व्हॅनमध्ये सात जण, सगळ्यांना सिंह हवा होता. बाभळीच्या शेंड्यावर रोलर बसलेला, पाठीमागे सकाळचं ऊन, मी थांबा म्हटलं तर चालक म्हणाला, पक्षी काय, पुढे पण भेटतील. मागून कुणीतरी सुस्कारा सोडला. चार दिवसांत एकाही पक्ष्यापाशी पाच मिनिटं थांबायला मिळालं नाही. गाडीच्या उघडणाऱ्या छतातून सात डोकी वर आलेली, आणि कुणी पाय हलवला की अख्खी गाडी डुलायची. पैसे गेल्याचं नव्हे, त्या सगळ्या सकाळी वाया गेल्याचं वाईट वाटतं.

तेव्हा गाडी स्वतंत्र हवी आणि तीत जास्तीत जास्त तीन जण, म्हणजे प्रत्येकाला दोन्ही बाजूंच्या खिडक्या. लँड क्रूझर असेल तर उत्तम. तिघांनी वाटून घेतली की खर्चाचा फरक वाटतो तेवढा राहत नाही. आणि गाडीपेक्षा महत्त्वाचा चालक. तिकडे सफारी गाइडची परीक्षा घेणारी संघटना आहे, तिचे ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड असे दर्जे असतात. दर्जा तर विचाराच, शिवाय बुकिंगच्या आधी त्याच्याशी फोनवर बोलून एवढंच विचारा: तुझा आवडता पक्षी कोणता? पक्ष्यांचा माणूस असेल तर तो थांबतच नाही.

मारामध्ये गाडी रस्ता सोडून गवतात नेता येते का?

राखीव क्षेत्रात नाही. आग्रहही करू नका. गवतात टिटवी, चंडोल, तित्तिर यांची अंडी असतात आणि चाकाखाली काय गेलं ते कळतसुद्धा नाही. राखीव क्षेत्राला लागून मसाई कुटुंबांच्या जमिनींवर उभ्या राहिलेल्या कॉन्झर्व्हन्सी, म्हणजे खाजगी संरक्षित क्षेत्रं आहेत, नाबोइशो किंवा मारा नॉर्थसारख्या. तिथे गाड्या कमी, नियम थोडे सैल, रात्रीची फेरीही होते आणि भाड्याचा पैसा जमीनमालकांकडे जातो. परवडत असेल तर चारातल्या दोन रात्री तिथे काढा.

खर्चात अचानक काय वाढतं?

प्रवेशशुल्क. मारा राखीव क्षेत्राचं परदेशी प्रौढाचं तिकीट २०२४ पासून जानेवारी ते जूनमध्ये १०० डॉलर आणि जुलै ते डिसेंबरमध्ये २०० डॉलर आहे. तेही माणशी, आणि सकाळी सहा ते संध्याकाळी सहा एवढ्यासाठीच. पॅकेजमध्ये हे धरलंय का ते लेखी घ्या. देशांतर्गत छोट्या विमानाने माराला जाणार असाल तर सामान १५ किलो, तेही मऊ बॅगेत. मोठी लेन्स असेल तर जादा किलो आधीच विकत घ्या किंवा सरळ रस्त्याने जा.

कोणती लेन्स?

जी आहे ती. १००-४०० किंवा २००-६०० मिलिमीटरच्या लेन्सवर तिकडचे नव्वद टक्के फोटो होतात. नवी लेन्स घ्यायची असेल तर तीन महिने आधी घ्या आणि घराजवळच्या बगळ्यांवर हात बसवा. दुसरी कॅमेरा बॉडी मात्र, उसनी का होईना, न्याच. माराची धूळ पिठासारखी बारीक असते, उघड्यावर लेन्स बदलली की सेन्सरवर डाग पडलेच. दुसऱ्या सहलीत माझे दोन दिवसांचे सगळे आकाशाचे फोटो असे डागाळले.

ट्रायपॉड घरी ठेवा, गाडीत त्याला जागा नसते. लेन्स टेकवायची बीन बॅग रिकामी न्या आणि नैरोबीच्या दुकानातून तांदूळ किंवा राजमा घेऊन भरा. निघताना तो चालकाच्या घरी जातो.

बॅटऱ्या आणि विमानतळाचं काय?

सुट्या लिथियम बॅटऱ्या हातातल्या बॅगेतच, टोकांना चिकटपट्टी लावून. भारतातून निघताना विमानतळावरच्या कस्टम्सकडून कॅमेरा-लेन्सच्या क्रमांकांसह निर्यात प्रमाणपत्र करून घ्या, म्हणजे परतताना हे सामान बाहेरून विकत आणलं का असा प्रश्न येत नाही. त्यासाठी तासभर लवकर पोचायचं. तिकडे प्लग तीन चपट्या पिनांचा, व्होल्टेज आपल्यासारखंच. कॅम्पमध्ये काही ठिकाणी वीज ठरावीक तासच असते, त्यामुळे गाडीत चालणारा चार्जर हवा. ड्रोन नेऊ नका. परवान्याशिवाय तो जप्त होतो आणि अभयारण्यांत त्याला बंदीच आहे. प्लास्टिकच्या पिशव्यांवर २०१७ पासून बंदी आहे, तेव्हा फराळ कापडी पिशवीत भरा.

कपडे?

आपल्याकडे पक्षीनिरीक्षक आवडीने घालतात ते सैनिकी छापाचे, ठिपक्या-ठिपक्यांचे कपडे अजिबात नेऊ नका. केनियात सामान्य नागरिकाने ते घालणं चालत नाही, पोलीस अडवू शकतात. गडद निळा आणि काळाही टाळा, त्सेत्से माशा त्या रंगांकडे येतात. मातकट, खाकी, फिकट हिरवा बरा. आणि स्वेटर न्या! आफ्रिका म्हणजे उकाडा असं समजून लोक येतात. नैरोबी समुद्रसपाटीपासून जवळपास १८०० मीटरवर आहे, महाबळेश्वरपेक्षाही उंच. पहाटे उघड्या गाडीत बोटं आखडतात.

उडत्या पक्ष्याचा फोटो जमत नाही. काही युक्ती?

युक्ती एकच, एका पक्ष्यापाशी थांबणं. रोलरचंच घ्या. तो झुडपाच्या शेंड्यावर बसतो, खाली गवतात बघत असतो. दहा मिनिटं बघितलंत की त्याची रीत कळते: झेप घेऊन नाकतोडा उचलतो, परत बहुतेक त्याच फांदीवर येतो, भक्ष्य फांदीवर आपटतो, मग हवेत किंचित उडवून गिळतो. उडण्याआधी अंग पुढे झुकवतो, कित्येकदा शीट टाकतो. ते दिसलं की बटण दाबायचं. शटर १/३२०० च्या आसपास, फ्रेममध्ये पंखांसाठी मोकळी जागा सोडून. माझा एकच चांगला फोटो आहे त्याचा, पंख पूर्ण उघडलेले, त्यातला तो गडद निळा. त्यासाठी एका झुडपापाशी पावणेदोन तास बसले होते आणि चालकाने तेवढ्या वेळात मला आजूबाजूच्या सहा पक्ष्यांचे आवाज शिकवले.

साडेनऊ-दहानंतर जमिनीवरून गरम हवा उठते आणि लांबचा फोटो मऊ, म्हणजे धूसर येतो. त्यात लेन्सचा दोष नसतो. तेव्हा जेवा, झोपा, कार्डं उतरवून घ्या.

जमिनीवरच्या पक्ष्यांसाठी छतातून काढू नका, खाली बसून खिडकीतून काढा.

होडीवाले मासा टाकून गरुड बोलावतात. तसे फोटो काढावेत का?

नैवाशाला आणि बारिंगोला हे सर्रास चालतं. माशात लव्हाळ्याचा तुकडा खुपसतात म्हणजे तो तरंगतो, मग शिट्टी. मत्स्य गरुड झाडावरून सरळ होडीकडे येतो, पाण्यातून पंज्याने मासा उचलतो. पहिल्या वेळी मीही काढले. फोटो झकास आले आणि परत आल्यावर लक्षात आलं की तोच फोटो, त्याच कोनातून, सगळ्यांकडे आहे. आता मी नाही म्हणते. शिट्टीला सवकलेला पक्षी दर होडीकडे येतो आणि आपण ज्याला रानटी म्हणून बघायला आलो तो रानटी राहत नाही. नावाड्याला तेवढेच पैसे द्या आणि दोन तास शांत फिरवायला सांगा. गरुड स्वतःहूनही मासे पकडतोच. ज्यांना काढायचेच आहेत त्यांनी फोटोखाली आमिष टाकल्याचं निदान लिहावं.

तसंच मोबाइलवर आवाज वाजवून पक्षी बोलावणं. विणीच्या काळात तो नर शत्रू आला समजून घरटं सोडून भांडायला येतो. मी करत नाही, गाइड करू लागला तर नम्रपणे थांबवते. घुबडांवर फ्लॅश नको, घरट्यांजवळ थांबणं नको.

कोणता पक्षी चुकवू नये?

प्रत्येकाचं उत्तर वेगळं असेल. माझं उत्तर कोरी बस्टर्ड. आपल्या माळढोकाच्या कुळातला, त्याच्याच घाटाचा, उडणाऱ्या पक्ष्यांतला सगळ्यात वजनदारांपैकी एक. माराच्या गवतात तो सावकाश, एकेक पाऊल मोजत चालत असतो, नर मान फुगवून पांढऱ्या पिसांचा गोळा होतो. नान्नजच्या माळावर एके काळी लोक हे दृश्य आपल्या माळढोकाचं बघायचे. आज देशात दीडशेच्या आसपास माळढोक उरलेत आणि नान्नजला तो दिसणं नशिबाचा भाग झालाय. मी पहिल्यांदा कोरी बघितला तेव्हा कॅमेरा बराच वेळ मांडीवरच राहिला.

गिधाडांकडेही लक्ष द्या. शिकारीवर तीन-चार जाती एकत्र बघायला मिळतात, पण संख्या कोसळते आहे. आपल्याकडे गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाने गिधाडं मारली. तिकडे सिंहाने गुरं मारल्याचा सूड म्हणून मेलेल्या जनावरात विष घालतात आणि एका सांगाड्यापाशी डझनांनी गिधाडं मरतात.

भाषेची अडचण येते का?

इंग्रजी सगळीकडे चालतं. पण थोडी स्वाहिली शिकाच, निम्मी ओळखीची वाटते: गारी म्हणजे गाडी, दुका म्हणजे दुकान, बिमा म्हणजे विमा, चहाला चाय आणि चपातीला चपातीच. सिमामा म्हणजे थांब, पोले पोले म्हणजे सावकाश, असांते म्हणजे धन्यवाद. न्देगे म्हणजे पक्षी, आणि विमानालाही न्देगेच म्हणतात. शाकाहारी जेवणाची चिंता करू नका, गुजराती मंडळी तिथे पिढ्यान्‌पिढ्या आहेत.

एकटीने गेलं तर चालेल?

चांगला गाइड आणि आधी ठरवलेले मुक्काम असतील तर चालेल. तिसरी सहल मी एकटीच केली. नैरोबीत अंधार पडल्यावर पायी फिरायचं नाही, एवढं पाळा. बुधवारी सकाळी नैरोबीत असाल तर नेचर केनियाच्या पक्षीफेरीला जा. १९०९ साली स्थापन झालेल्या निसर्ग-इतिहास संस्थेचं हे आजचं नाव, आपल्या बीएनएचएससारखीच (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) जुनी परंपरा. दर बुधवारी राष्ट्रीय संग्रहालयापाशी लोक जमतात, त्यात आजीही असतात आणि कॉलेजची पोरंही.

आठवण म्हणून एखादं पडलेलं पीस आणलं तर?

नाही. वन्यजीवांचं काहीही परवान्याशिवाय देशाबाहेर नेणं तिथे गुन्हा आहे, आणि विमानतळावर सामान तपासतात. पीस उचलून बघा, उन्हात धरून बघा, त्याचा फोटो काढा आणि होतं तिथे परत ठेवा.